मिरचीच्या नमुन्यासोबत चार दिवस

झरी जामणी हा माझ्याच जिल्ह्यातला तालुका, आणि वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत मी तिथे एकदाही गेले नव्हते. यवतमाळच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात नोकरी संपली. सुट्टी लागली की आम्ही कोकणात जायचो, नाहीतर मनाली. स्वतःचा जिल्हा नकाशावर पाहायचा असतो, असंच काहीसं डोक्यात होतं.

तो पाहायचा योग आला एका परदेशी बाईमुळे. नेरजवळच्या एका गावात अकरा मिरची उत्पादकांनी मिळून गट केला होता आणि त्यांची लाल मिरची बघायला बल्गेरियातून राद्का नावाची बाई येणार होती. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं, गटातल्या लोकांना ते तेवढंही येत नव्हतं. म्हणून मधे बसून भाषांतर करायला त्यांनी मला गाठलं. मी खुशीत हो म्हटलं. त्या चार दिवसांत मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात क्वचितच घाबरले असेन, आणि ती भीती जंगलातल्या वाघाची नव्हती.

यवतमाळ

जानेवारीतली सकाळ होती. राद्का नागपूरहून आली ती अंगात जाड स्वेटर आणि पायात चिखलात वापरायचे बूट घालून. मला वाटलं होतं कुणी अधिकारी बाई असेल. निघाली शेतकरी. माझ्याच वयाची, हात लाकडासारखे राठ, नखांच्या कडा काळ्या. तिच्या गावात गोड लाल मिरची होते. ती दळून पूड विकणारी सहकारी संस्था आहे, आणि त्यांना त्या पुडीत मिसळायला तिखट मिरची हवी होती. "आता आमच्याकडे शेतात बर्फ आहे, म्हणून मलाच पाठवलं," ती म्हणाली. "बाकीच्यांचे गुडघे गेलेत."

गाडी सलीमभाईंची होती. माणूस सावकाश चालवणारा, त्याहून सावकाश बोलणारा. चहासाठी थांबलो तिथे शेजारी खतं-औषधांचं दुकान होतं. राद्काला ते आतून पाहायचं होतं. आम्ही आत गेलो. तिनं चष्मा लावला आणि फळीवरच्या बाटल्या एकेक करून वाचू लागली, एखादी बाई साड्या बघते तशी. एका डब्याशी तिचा हात थांबला. पांढरा डबा, निळं झाकण.

"हे मिरचीवर मारतात का, विचार."

मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "सगळ्याईवर चालते जी. मिरचीवर तर एक नंबर."

मी भाषांतर केलं. राद्कानं डब्यावरचं नाव पुन्हा वाचलं. बाहेर आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. चहा आला तो तिनं हातातच धरून ठेवला. चेहरा उतरलेला. मला वाटलं प्रवास बाधला.

मग तिनं सांगितलं ते असं. त्यांचा देश युरोपीय संघात गेला त्याच्या आगेमागे एक कृषी अधिकारी गावात आला आणि हे औषध आता बंद, आहे तेवढं जमा करा, म्हणाला. गावानं त्याला शिव्या घातल्या. तिच्या नवऱ्यानं दोन डबे दिले आणि चार कोठारात लपवले. "का लपवले? कारण ते काम करायचं. बाकी कारण नव्हतं." दुसऱ्या वर्षी गावाची मिरची पहिल्यांदा जर्मनीला निघाली. सीमेवर आता कुणी अडवत नव्हतं, त्याचा सगळ्यांना केवढा आनंद. पण तिथल्या प्रयोगशाळेनं पोत्यातली मूठभर मिरची तपासली आणि अख्खा ट्रक नाकारला. एका घरच्या मिरचीमुळे सगळ्या घरांची मिरची जाळली गेली.

"कुणाची होती ते कळलं?" मी विचारलं.

"गावात सगळं कळतं," ती म्हणाली. "पुढची सात वर्षं आमच्याशी कुणी बोललं नाही."

नेर

दुसऱ्या दिवशी नेरकडे जाताना तिनं आणखी सांगितलं. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूला वेचून झालेल्या कपाशीचं रान, मधेच एखादी संत्र्याची बाग. तिला संत्र्यांचं अप्रूप वाटलं. सलीमभाईंनी उतरून बागवाल्याला विचारून चार आणली आणि ती सालीसकट हुंगत बसली.

मी तिला विचारलं, संघात जाऊन फायदा झाला की तोटा. इथे आमच्याकडे युरोपाशी व्यापार खुला होण्याच्या बातम्या रोज येतात. गटातले लोक त्याच आशेवर होते.

"दोन्ही झालं, पण एकाच माणसाचं नाही झालं," ती म्हणाली. आधी गावाजवळ डबाबंद मिरचीचा कारखाना होता, काय पिकवलं, काय मारलं, कुणी विचारायचं नाही. संघात गेल्यावर ठिबकला पैसा आला, पॅकिंगची शेड आली, रस्ता आला. आणि त्याच रस्त्यानं दुसऱ्या देशांची स्वस्त मिरची आली. कारखाना बंद पडला. तरुण माणसं स्पेनला गेली, तिथे दुसऱ्यांच्या स्ट्रॉबेऱ्या तोडायला. ज्यांची चार-चार ओळींची मिरची होती त्यांनी ती सोडली. उरले ते एकत्र आले आणि वही लिहू लागले: कोणत्या तारखेला, कशावर, काय आणि किती मारलं. "वही नसेल तर आमची मिरची म्हणजे नुसतं लाल गवत."

गावात देवानंदच्या घरी आमच्या जेवणाची व्यवस्था होती. देवानंद गटाचा प्रमुख, चाळिशीतला, इस्त्रीचा शर्ट घालून उभा. "जय भीम, मॅडम," म्हणून त्यानं आमच्या हातात पाण्याचे पेले दिले. त्याची बायको सुनंदा उंबऱ्यातूनच राद्काकडे टक लावून पाहत होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "या बाईचे हात तं आपल्यासारखेच हायेत."

जेवायला तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर होती. त्याआधी उकडलेल्या तुरीच्या शेंगा आल्या, आणि राद्कानं त्या टरफलासकट चावून खाल्ल्या. कुणालाच सांगायचा धीर होईना. तिसऱ्या शेंगेला सुनंदानं तिच्या हातातून शेंग घेतली, सोलली आणि दाणे तिच्या तळहातावर ठेवले. दोघी हसल्या. त्यानंतर त्या दोघींना माझी फारशी गरज पडली नाही.

दुपारी नमुना काढला. अकरा घरच्या ढिगांतून राद्कानं स्वतः मूठ-मूठ मिरची घेतली, एकत्र केली आणि पिशवीत बांधून तोंडाला सील केलं. ती पिशवी तिच्यासोबत तिकडच्या प्रयोगशाळेत जाणार होती. लोक त्या पिशवीकडे बघत होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पोरीले पाहाले आल्यासारखंच वाटून राह्यलं." सगळे हसले. देवानंद हसला नाही.

थोड्या वेळानं त्यानं मला गोठ्यामागे बोलावलं.

"मॅडम, एक गोष्ट हाय. तिले सांगू नोका."

"काय झालं?"

"आठ दिवसांखाली म्या फवारनी केली. थ्रिप्सचा किडा लय आला होता, पानं वाकडी झाली होती. ती बाई येनार, अन् तिले तसं वावर दाखवाव?" त्यानं कडब्याखालून डबे काढले. तीन होते. पांढरे, लेबल खरवडलेलं. झाकण निळं.

मी विचारलं, "याचं नाव काय आहे?"

"नाव नाई मालूम. दुकानदारानं बिनाबिलाचं देल्लं. निळ्या झाकनाचं म्हनतेत."

"गटात कुणाला माहीत आहे?"

"कोनालेच नाई. मॅडम, त्याइनं मले पुढं केलं हाय."

आता लिहिताना वाटतं, तेव्हाच राद्काकडे जायला हवं होतं. पण अकरा घरं आणि त्यांच्यात उभा असलेला इस्त्रीच्या शर्टातला हा माणूस, माझ्यानं होईना. मी शहाणपणानं म्हटलं, "आधी हे घरातून हलवा. रिकामे करा, धुवा आणि लांब कुठेतरी पुरून टाका." सुनंदा गोठ्याच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनं मान डोलावली.

परतताना गाडीत राद्कानं विचारलं, "तो तुला बाजूला घेऊन काय म्हणाला?"

"जेवण आवडलं का विचारत होता," मी म्हणाले.

झरी जामणी

तिसऱ्या दिवशी झरीकडे. राद्काला न फवारलेली मिरचीही पाहायची होती आणि कुणीतरी तिला तिकडच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीचं नाव सांगितलं होतं. पांढरकवडा मागे पडला तसं सागाचं जंगल सुरू झालं. पानं गळायला लागली होती, रस्त्यावर पातेरा पसरला होता. जागोजागी वाघापासून सावध राहण्याच्या पाट्या. एका वळणावर सलीमभाईंनी काचा वर केल्या आणि म्हणाले, "इधरच मागच्या महिन्यात गाय नेली त्यानं." मी बॅगेचा पट्टा घट्ट धरून बसले. राद्का मजेत होती. मिरचीची सीलबंद पिशवी तिनं डिक्कीत ठेवू दिली नव्हती, मांडीवर घेतली होती. ती पिशवी दिसू नये म्हणून मी बाहेर बघत राहिले, आणि बाहेर जंगल होतं.

कोलाम लोक आपल्या वस्तीला पोड म्हणतात. आम्ही गेलो त्या पोडावर पंचवीसेक घरं असतील. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली अंगणं, इतकी स्वच्छ की बूट काढावेसे वाटले. लेतुबाई नावाच्या आजींनी आम्हाला बसायला बाज दिली. त्यांच्या परसात मिरचीची चाळीसेक झाडं होती आणि छपरावर बारीक लाल मिरची वाळत होती. राद्कानं एक उचलली, मोडली, जिभेला लावली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. लेतुबाईंनी शांतपणे गुळाचा खडा पुढे केला.

"कीड लागली तर काय करता, विचार," राद्का खोकत म्हणाली.

लेतुबाई म्हणाल्या, "लागते नं. थे तिचं खाते, आमी आमचं खातो."

राद्का खूप हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "चाळीस झाडांना हे चालतं. चार हजार झाडांना आम्हाला नाही जमलं." तिनं लेतुबाईंकडून दोन किलो मिरची विकत घेतली.

पोडावर मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही निघालो तेव्हा चार वाजून गेले होते. जंगलातल्या एका चढावर माझा फोन एकदम थरथरायला लागला आणि थांबेचना. देवानंदचे अकरा मिस्ड कॉल. मी लावला.

"मॅडम, सुनंदा..." त्याला बोलता येत नव्हतं. मग तुकड्यातुकड्यानं कळलं. सकाळी तिनं ते डबे धुतले होते. एक अर्धा भरलेला होता, तो ओतताना अंगावर सांडला. ती तशीच ओल्या लुगड्यानं बाकीचे धूत राहिली. दुपारी घाम, ओकाऱ्या, तोंडाला फेस, डोळ्यांना दिसेना. आता यवतमाळला दवाखान्यात होती. "डॉक्टर इचारून राह्यले कोनतं औषध व्हतं. दुकानदार म्हनते म्या देल्लंच नाई. मॅडम, तुमी कॉलेजात शिकवता, तुमाले तरी..."

फोन कटला. रेंज गेली.

मला नाव माहीत नव्हतं. मी फक्त निळं झाकण पाहिलं होतं. दुकानात त्या डब्यावरचं नाव वाचलेलं माणूस माझ्या शेजारी बसलं होतं, मांडीवर पिशवी घेऊन.

मी सांगितलं. पाच-सहा वाक्यांत सगळं सांगितलं: देवानंदनं काय मारलं, मी कसं लपवलं, डबे धुवा असं मीच कसं म्हटलं. राद्कानं माझ्याकडे पाहिलं नाही. "फोन दे," म्हणाली. मग तिला आठवलं की तिचं इंग्रजी डॉक्टरला कळायचं नाही. "नाही. तू बोल. मी अक्षरं सांगते."

चढाच्या वर एक टेकाड होतं, रेंज तिथेच मिळण्यासारखी. सलीमभाई म्हणाले, "मॅडम, उतरू नका. ये जगह अच्छी नहीं है." आम्ही दोघी उतरलो. काही क्षणांनी तेही हातात जॅक घेऊन मागे आले. पातेऱ्यात आमची पावलं इतकी वाजत होती की दुसरं काही चालत आलं असतं तरी ऐकू आलं नसतं. टेकाडावर फोन लागला. देवानंदनं तो डॉक्टरकडे दिला.

राद्का एकेक अक्षर म्हणायची आणि मी ते मोठ्यानं म्हणायची. अर्ध्यावर आवाज तुटला. पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर म्हणाले, "परत एकदा." तिसऱ्या वेळी त्यांनी पूर्ण नाव परत वाचून दाखवलं आणि राद्कानं मान हलवली. "किती वेळ झाला अंगावर सांडून?" त्यांनी विचारलं. "ओले कपडे बदलले का?" मला माहीत नव्हतं. मागून देवानंदचा आवाज आला, "नाई जी, थेच लुगडं हाय आंगावर." आणि फोन बंद झाला.

पांढरकवड्यापर्यंत सलीमभाईंनी पहिल्यांदाच गाडी जोरात चालवली.

पुन्हा यवतमाळ, पुन्हा नेर

सकाळी राद्काला घेऊन मी दवाखान्यात निघाले. मनात दोन भीती होत्या, आणि दुसरीची लाज वाटते म्हणूनच लिहिते. पहिली अशी, की सुनंदा गेली असेल. दुसरी अशी, की देवानंद सगळ्यांसमोर माझं नाव घेईल.

सुनंदा जिवंत होती. डॉक्टरांनी सांगितलं की धोका टळला आहे, नाव कळल्यामुळे अंदाजानं काही करावं लागलं नाही, पण नजर साफ व्हायला दिवस लागतील. ती पलंगावर पडून होती, ओठ सुकलेले. माझा आवाज ऐकून तिनं चेहरा वळवला.

"मॅडम, तुमी म्हनलं धुवा, म्हनून म्या हातानंच धुतले," ती म्हणाली. "चांगले घासून धुतले."

त्यात तक्रार नव्हती. काम नीट केलं, एवढंच ती सांगत होती. मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

देवानंदनं माझं नाव कुणापुढे घेतलं नाही. तो राद्कासमोर हात जोडून उभा राहिला आणि राद्कानं ती सीलबंद पिशवी त्याच्या हातात परत दिली.

"मी हा नमुना नेत नाही," ती म्हणाली. "नेला आणि नापास झाला तर ती नोंद संघातल्या सगळ्या देशांना दिसेल. मग पुढे तुझ्या गावाची मिरची कितीही चांगली असली तरी पहिल्यांदा तिच्याकडेच बोट जाईल."

"मंग गटाले काय सांगू?" देवानंदनं मला विचारलं. मी भाषांतर केलं.

"मी कोण सांगणार?" राद्का म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं सात वर्षं काहीच सांगितलं नाही. वाट बघत बसला, की लोक विसरतील."

त्याच दुपारी आम्ही नेरच्या त्या गावात गेलो. समाजमंदिरात दहा माणसं बसली होती. त्यांना एवढंच ठाऊक होतं की सुनंदाला विषबाधा झाली. देवानंद उभा राहिला. शर्ट कालचाच होता, चुरगळलेला. त्यानं सांगितलं, म्या फवारलं, तुमच्यापासून लपवलं, नमुना वापस आला. आवाज इतका बारीक की मागच्यांनी दोनदा विचारलं.

मग जी शांतता झाली तिची मला खरी भीती वाटली. सलीमभाई दारातून आत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. राद्काचं तोंड पांढरं पडलं होतं. ती अशा खोलीत पूर्वी बसलेली होती.

मी उठले आणि म्हटलं, डबे धुवायला मी सांगितलं होतं. कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

मग 'पोरीला पाहायला आल्यासारखं वाटतं' म्हणणारे ते म्हातारे गृहस्थ घसा साफ करून म्हणाले, "माह्या बी घरी एक डबा हाय. म्या बी मारलं. दिवाळीत." त्यांनी खाली बघून चटईची काडी मोडली. मग कोपऱ्यातला एकजण म्हणाला, "म्या बी." मग आणखी एक. कुणी हात वर करत नव्हतं, कुणी उठत नव्हतं, बसल्या जागी एकेक बोलत होता. अकरापैकी सात.

"काय म्हणतायत?" राद्का मला विचारत होती. मी सांगत गेले. तिनं रुमाल काढून तोंडावर धरला. नंतर ती एवढंच म्हणाली, की पुढच्या हंगामाची वही तिला दाखवली तर ती येईल. नमुन्याआधी वही.

ती गेली. गटाची मिरची नेहमीसारखी बाजारात गेली. तिथे कुणी काही विचारलं नाही. आपणही सगळे तीच खातो, हे मला त्यानंतर रोज फोडणी करताना आठवू लागलं.

सुनंदाची नजर महिनाभरानं साफ झाली. वही तीच लिहिते, देवानंदचं अक्षर कुणाला लागत नाही. भाद्रपदात एका संध्याकाळी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, पानं पुन्हा वाकडी होऊन राह्यली. काही जन म्हनतेत थेच आनू. हे म्हनतेत नाई. मले समजून नाई राह्यलं. तुमचं काय म्हननं हाय?"

मागे एकदा मी सांगितलं होतं, आणि ते तिनंच भोगलं होतं.

"सुनंदा, मी सांगेपर्यंत कुणी काही आणू नका," असं म्हणणार होते, ते गिळलं. म्हटलं, "उद्या येते मी. आपण दोघी वावरात जाऊ."

सकाळची नेरची एसटी सव्वासातला सुटते. मी सात वाजताच जाऊन बसले.